विश्लेषण : कमाईत ३२ वाटेकरी, खर्चात अख्खे शहर? अमेरिकेच्या ‘एनएफएल’चे अर्थकारण नेमके कसे?

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ग्रीन बे नावाचे शहर आहे. लोकसंख्या साधारण एक लाख सात हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या ठिकाणाएवढी. या शहरातल्या लॅम्बो फील्ड स्टेडियमची क्षमता ८१ हजारांहून अधिक आहे. तेथील हंगामी तिकिटे १९६० पासून ‘हाऊसफुल’ आहेत आणि प्रतीक्षा यादीत लाखाहून अधिक नावे आहेत. या शहराचा ‘पॅकर्स’ हा संघ न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस आणि शिकागोच्या संघांशी बरोबरीने खेळतो, कमावतो आणि जिंकतोही. हे शक्य झाले ते ‘नॅशनल फुटबॉल लीग’ अर्थात एनएफएलच्या वाटणीच्या पद्धतीमुळे. मात्र कमाईची वाटणी करणारी हीच लीग खर्चाचा मोठा वाटा शहरांवर आणि खेळाडूंवर कसा टाकते, हेही समजून घ्यायला हवे.

एनएफएल म्हणजे काय?

आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला अमेरिकेत ‘सॉकर’ म्हणतात. अमेरिकी फुटबॉलचा चेंडू लांबट असतो आणि तो बहुतांश वेळ हातात घेऊन खेळतात. दोन्ही बाजूंना ११-११ खेळाडू असतात. आक्रमण करणाऱ्या संघाने चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकायचे, नाही तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे. प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ थांबतो. जाहिरातदारांना याहून सोयीचा खेळ शोधूनही सापडणार नाही.

१९२० मध्ये ओहायो राज्यातील कँटन येथे या लीगची स्थापना झाली आणि १९२२ पासून ती एनएफएल या नावाने ओळखली जाऊ लागली. आज तिच्यात ३२ संघ आहेत. प्रत्येक संघ हंगामात १७ साखळी सामने खेळतो. त्यानंतर बाद फेरी आणि फेब्रुवारीत अंतिम सामना, म्हणजे ‘सुपर बोल’. लीगची वार्षिक कमाई दोन हजार कोटी डॉलरच्या पुढे गेली आहे. जगातील दुसरी कोणतीही क्रीडा लीग एवढी कमावत नाही.

कमाई समान वाटली जाते ती कशी?

१९६० पर्यंत प्रत्येक संघ आपापले टीव्ही हक्क विकत असे. मोठ्या शहरातल्या संघाला मोठी रक्कम, ग्रीन बेसारख्याला किरकोळ. त्या वर्षी पीट रोझेल हे ३३ वर्षांचे गृहस्थ लीगचे आयुक्त झाले. सगळ्या संघांचे हक्क एकत्र विकायचे आणि येणारे पैसे समान वाटायचे, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. यात सर्वाधिक तोटा होता तो न्यूयॉर्क जायंट्सचा. तरीही त्या संघाचे मालक असलेल्या मारा कुटुंबाने होकार दिला. साखळी कमकुवत झाली तर आपल्या संघालाही किंमत राहणार नाही, हा त्यांचा हिशेब होता.

अडचण आली ती कायद्याची. स्पर्धकांनी एकत्र येऊन एकच भाव ठरवणे अमेरिकेच्या मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत नव्हते आणि १९६१ मध्ये न्यायालयाने तसे स्पष्टही केले. लीगने थेट काँग्रेसकडे धाव घेतली. काही महिन्यांतच ‘स्पोर्ट्स ब्रॉडकास्टिंग ॲक्ट’ संमत झाला आणि ३० सप्टेंबर १९६१ रोजी अध्यक्ष जॉन केनेडी यांनी त्यावर स्वाक्षरी केली. खुल्या बाजाराचा पुरस्कार करणाऱ्या देशाने एका खेळासाठी कायद्यात खास वाट काढून दिली. त्या बदल्यात एक अटही घातली गेली. शालेय आणि महाविद्यालयीन फुटबॉलच्या हंगामात शुक्रवारी रात्री आणि शनिवारी एनएफएलचे प्रक्षेपण त्या सामन्यांच्या आड येऊ नये, अशी ती अट. शुक्रवारची रात्र शाळेच्या संघाची आणि रविवार एनएफएलचा, ही गावोगावची घडी त्यामुळे टिकून राहिली.

१९६२ मध्ये ‘सीबीएस’ने वर्षाला ४६.५ लाख डॉलर मोजले. तेव्हाच्या १४ संघांत वाटणी केली तर प्रत्येकाला सव्वातीन लाखांच्या आसपास. २०२१ मध्ये झालेले माध्यम करार ११ वर्षांसाठी सुमारे ११ हजार कोटी डॉलरचे आहेत. सीबीएस, फॉक्स, एनबीसी, ईएसपीएन-एबीसी आणि ॲमेझॉन हे त्यातले भागीदार. २०२४-२५ या वर्षात या सामायिक उत्पन्नातून प्रत्येक संघाला ४३ कोटी २६ लाख डॉलर मिळाले. हा आकडा जगाला कळला तो ग्रीन बेमुळेच. तो संघ लोकांच्या मालकीचा असल्याने त्याला ताळेबंद जाहीर करावा लागतो. इतर ३१ मालक आपले हिशेब उघड करत नाहीत. ३२ ने गुणले की एकूण रक्कम १,३८४ कोटी डॉलरच्या घरात जाते. पहिले तिकीट विकण्याआधीच एवढे पैसे आलेले असतात.

याच्या जोडीला आणखी दोन नियम आहेत. नवे खेळाडू निवडताना (‘ड्राफ्ट’) आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला पहिली संधी मिळते. आणि १९९४ पासून खेळाडूंच्या मानधनावर प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा आहे. २०२५ मध्ये ती २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. ‘आयपीएल’मधला मध्यवर्ती निधी आणि लिलावातली खर्चमर्यादा पाहिलेल्या वाचकांना यातले बरेच ओळखीचे वाटेल.

टीव्हीवर एवढी पकड का?

२०२३ मध्ये अमेरिकेत सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या १०० कार्यक्रमांपैकी ९३ एनएफएलचे सामने होते. मालिका आणि चित्रपट लोक आपल्या सोयीने पाहू लागले. सामना मात्र त्याच वेळी पाहावा लागतो. एकाच वेळी सगळा देश पडद्यासमोर बसण्याचे प्रसंग आता फारसे उरलेले नाहीत. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलला सरासरी १२ कोटी ७७ लाख प्रेक्षक मिळाले. त्यात ३० सेकंदांच्या जाहिरातीचा दर ८० लाख डॉलरपर्यंत गेला होता, म्हणजे सेकंदाला अडीच लाखांहून अधिक. त्या शनिवार-रविवारी अमेरिकेत सुमारे १४७ कोटी चिकन विंग्ज फस्त होतील, असा कुक्कुटपालन उद्योगाच्या संघटनेचा अंदाज होता.

यात सट्टेबाजीचाही वाटा वाढतो आहे. न्यू जर्सीने खेळांवरील सट्टा कायदेशीर करू नये म्हणून एनएफएल वर्षानुवर्षे न्यायालयात लढत होती. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी उठवली आणि २०२१ मध्ये लीगने तीन सट्टा कंपन्यांशी अधिकृत करार केले. तत्त्वांना तीन वर्षांत मुरड पडली.

मग स्टेडियमचा खर्च कोण करतो?

खरा वाद इथे आहे. लीगमध्ये संघ ३२च आहेत आणि संघ हवा असलेली शहरे त्याहून जास्त. त्यामुळे ‘नवे स्टेडियम बांधून द्या, नाही तर आम्ही निघालो’ हे मालकांचे हुकमी अस्त्र ठरते.

सेंट लुईसचे उदाहरण बोलके आहे. १९९५ मध्ये या शहराने सार्वजनिक पैशातून बंदिस्त स्टेडियम उभारले आणि लॉस एंजेलिसहून ‘रॅम्स’ संघ आणला. करारात एक कलम होते. हे स्टेडियम लीगमधील सर्वोत्तम पाव हिश्श्यात राहिले पाहिजे, अन्यथा संघ मोकळा. २०१६ मध्ये संघ लॉस एंजेलिसला परत गेला. शहर, काउंटी आणि राज्याला मात्र त्यानंतरही बांधकामाच्या कर्जाचे हप्ते भरावे लागले. सेंट लुईसने लीगला न्यायालयात खेचले आणि २०२१ मध्ये ७९ कोटी डॉलरची तडजोड पदरात पाडून घेतली. पैसे मिळाले, संघ मिळाला नाही. सॅन दिएगोच्या मतदारांनी २०१६ मध्ये हॉटेल कर वाढवायला नकार दिला. काही आठवड्यांत ‘चार्जर्स’ने स्थलांतर जाहीर केले. लास व्हेगासने मात्र हॉटेलांतल्या खोल्यांवर कर लावून ७५ कोटी डॉलर दिले आणि ओकलंडचा ‘रेडर्स’ संघ मिळवला. बफेलोच्या नव्या स्टेडियमसाठी न्यूयॉर्क राज्याने ६० कोटी आणि ईरी काउंटीने २५ कोटी डॉलर देऊ केले. वाढीव खर्च तेवढा मालकांच्या माथी आला.

शहराला यातून काय मिळते? या विषयावर काम करणाऱ्या अर्थतज्ज्ञांमध्ये एरवी दुर्मीळ असणारे एकमत आहे. खर्च झालेल्या सार्वजनिक पैशाएवढी आर्थिक वाढ स्टेडियममुळे होत नाही. कारण सोपे आहे. सामन्यावर खर्च करणारे कुटुंब त्या महिन्यात सिनेमा किंवा हॉटेलवरचा खर्च कमी करते. पैसा नवा येत नाही, त्याचा खिसा बदलतो. शिवाय घरच्या मैदानावर साखळीचे सामने आठ किंवा नऊच. उरलेले वर्ष मैफली आणि प्रदर्शनांच्या भरवशावर काढायचे. तरीही राजकारणी होकार देतात, कारण संघ गमावणारा महापौर म्हणून नाव लागणे कोणालाच नको असते.

एप्रिल २०२४ मध्ये मिसूरीतील जॅक्सन काउंटीच्या मतदारांनी ‘कॅन्सस सिटी चीफ्स’ या यशस्वी संघासाठी विक्रीकर सुरू ठेवायला नकार दिला. डिसेंबर २०२५ मध्ये संघाने राज्याची सीमा ओलांडून शेजारच्या कॅन्ससमध्ये जाण्याचा निर्णय जाहीर केला. तिथे सुमारे ३०० कोटी डॉलरच्या स्टेडियमचा निम्म्याहून अधिक भार रोख्यांतून उचलला जाणार आहे. ते रोखे परिसरातील विक्रीकराच्या उत्पन्नातून फेडले जातील.

सार्वजनिक मैदानामुळे वर्णभेद मोडला?

याच सार्वजनिक पैशाने एकेकाळी वेगळे कामही केले. १९३४ पासून एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९४६ मध्ये रॅम्स संघ लॉस एंजेलिसला आला तेव्हा त्याला तेथील सरकारी कोलिझियम मैदान हवे होते. करदात्यांच्या मैदानावर भेदभाव चालणार नाही, असा आग्रह कृष्णवर्णीय पत्रकारांनी धरला आणि केनी वॉशिंग्टन यांना करारबद्ध करणे संघाला भाग पडले. बेसबॉलमध्ये जॅकी रॉबिन्सन यांनी अडसर मोडला त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. राजधानीतल्या वॉशिंग्टन संघाने १९६२ पर्यंत दाद दिली नाही. त्याचे नवे मैदानही केंद्र सरकारच्या जमिनीवर असल्याने केनेडी प्रशासनाने अखेर तोच दबाव वापरला.

आज लीगमधले निम्म्याहून अधिक खेळाडू कृष्णवर्णीय आहेत. २०१६ मध्ये कॉलिन केपर्निक यांनी पोलिसी अत्याचारांच्या निषेधार्थ राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकला. त्या हंगामानंतर त्यांना कोणत्याही संघाने घेतले नाही.

खेळाडूंच्या वाट्याला काय?

उत्पन्नाचा साधारण ४८ टक्के वाटा खेळाडूंना मिळतो. पण खेळाडू संघटनेच्या मते कारकीर्द सरासरी तीन-साडेतीन वर्षांचीच, आणि बऱ्याच करारांतली मोठी रक्कम हमीची नसते.

मेंदूला मोजावी लागणारी किंमत त्याहून मोठी. पिट्सबर्ग स्टीलर्सचे माईक वेबस्टर यांनी चार सुपर बोल जिंकले होते. निवृत्तीनंतर स्मरणशक्ती ढासळली आणि काही काळ ते आपल्या ट्रकमध्ये राहत होते. २००२ मध्ये, वयाच्या पन्नाशीत, त्यांचे निधन झाले. शवविच्छेदन करणारे नायजेरियात जन्मलेले डॉक्टर बेनेट ओमालू यांना त्यांच्या मेंदूत ‘सीटीई’ हा विकार आढळला. डोक्याला वारंवार धक्के बसून मेंदूत टाऊ नावाचे प्रथिन साचत जाते, असा हा विकार. निश्चित निदान मृत्यूनंतरच होते. ओमालू यांचा शोधनिबंध २००५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा लीगच्या वैद्यकीय समितीने तो मागे घेण्याची मागणी केली होती. फुटबॉल आणि या विकाराचा संबंध लीगच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने काँग्रेसच्या समितीसमोर मान्य केला तो २०१६ मध्ये.

बोस्टन विद्यापीठाच्या २०१७ च्या अभ्यासात १११ माजी एनएफएल खेळाडूंच्या मेंदूंपैकी ११० मध्ये सीटीई आढळला. लक्षणे दिसल्यामुळेच अनेक कुटुंबांनी मेंदू दान केले होते, त्यामुळे हे प्रमाण सर्व खेळाडूंना लावता येत नाही. माजी खेळाडूंच्या दाव्यांपोटी लीगने आतापर्यंत १०० कोटी डॉलरहून अधिक दिले आहेत. त्यातही एक संतापजनक प्रकार उघडकीस आला. कृष्णवर्णीय खेळाडूंची बौद्धिक क्षमता मुळातच कमी होती असे गृहीत धरून त्यांच्या चाचण्या तपासल्या जात, त्यामुळे त्यांना भरपाई मिळणे अवघड होई. २०२१ मध्ये लीगने ही पद्धत सोडण्याचे मान्य केले.

दुसरे ग्रीन बे का होत नाही?

पॅकर्सचे पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत. लाभांश नाही, शेअर बाजारात विकताही येत नाही. २०२१ मध्ये नवे शेअर ३०० डॉलरला एक या दराने काढले तेव्हाही लोकांनी सहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमा केली. हा संघ शहर सोडून जाण्याची धमकी देऊ शकत नाही. अर्थात, लॅम्बो फील्डच्या नूतनीकरणासाठी तिथल्या काउंटीनेही २०१५ पर्यंत अर्धा टक्का विक्रीकर भरलाच.

इतर शहरांना हा मार्ग लीगनेच बंद केला आहे. नियमानुसार संघाच्या प्रमुख मालकाकडे किमान ३० टक्के हिस्सा असावा लागतो. शहर किंवा हजारो नागरिक मिळून संघ विकत घेऊ शकत नाहीत. ग्रीन बेची मालकी १९२३ पासूनची, म्हणून तिला सवलत. २०२४ मध्ये मात्र खासगी गुंतवणूक निधींना प्रत्येक संघात दहा टक्क्यांपर्यंत हिस्सा घ्यायला मालकांनी परवानगी दिली.

लीगला आता बाहेरची बाजारपेठही हवी आहे. लंडन, म्युनिक, साव पावलोनंतर २०२५ मध्ये डब्लिन, बर्लिन आणि माद्रिदलाही सामने झाले. या खेळाचा धक्काबुक्कीविरहित प्रकार, ‘फ्लॅग फुटबॉल’, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये असेल. त्यावर शिक्कामोर्तब झाले ते ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात. आपल्याकडे त्या दिवशी चर्चा अर्थातच क्रिकेटच्या प्रवेशाची होती. कॅन्सस सिटीच्या ॲरोहेड स्टेडियमचा भाडेकरार २०३१ च्या जानेवारीत संपतो. तोवर चीफ्सचे घरचे सामने मिसूरीतच होतील.