बांधीत जुनं नाणं सापडलं? आधी घासू नका, ओळखा

सालेकसा : बोडीचा गाळ काढताना किंवा बांधीत नांगर चालवताना कधीमधी हिरवं पडलेलं तांब्याचं नाणं हाती लागतं. माघ पौर्णिमेच्या कचारगड यात्रेसारख्या गर्दीत कोणी ‘हे रोमन नाणं, लाखाला जातं’ म्हणून गळ्यातही मारू शकतो. म्हणून एवढं माहीत असू द्या.

रोमन नाणं : चौथ्या-पाचव्या शतकातली रोमन तांब्याची नाणी लहान असतात, बहुतेक आपल्या एक रुपयाच्या नाण्यापेक्षाही छोटी. एका बाजूला राजाचं डोकं, कपाळाला मोत्यांची पट्टी, कडेनं इंग्रजीसारखी अक्षरं. दुसऱ्या बाजूला शिपाई, पडलेला घोडेस्वार किंवा क्रॉस. भारतात अशी नाणी जास्त करून तमिळनाडूत मिळाली आहेत. कडेला सांध्याची रेघ आणि अंगावर बारीक खड्डे दिसले, तर ओतून केलेली नक्कल असू शकते.

सातवाहन नाणं : विदर्भात ही शक्यता जास्त. एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती, दुसऱ्या बाजूला अधिकच्या खुणेच्या चार टोकांना चार गोल. अक्षरं ब्राह्मी. वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळा गावी १९३९ साली अशी सुमारे १६०० नाणी एकत्र सापडली. त्यातून काही राजांची नावं पहिल्यांदाच कळली.

अलीकडची नाणी : फारसी अक्षरं असतील तर मुघल किंवा भोसले काळातलं असू शकतं. इंग्रजीत १८३५ असेल तर ते कंपनी सरकारचं.

चिंच, लिंबू, राख लावू नका. वरच्या हिरव्या थरासोबत अक्षरंही जातात आणि मग जाणकारालाही नाणं वाचता येत नाही. सुकं करून कागदात ठेवा. जागा आणि तारीख लिहा.

कायदा काय म्हणतो? १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांवरचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावा लागतो. लपवला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, आणि आपला हिस्साही जातो. कळवलं आणि ठेवा बेवारस ठरला, तर आधी काही ठरलेलं नसल्यास बारा आणे सापडवणाऱ्याला, चार आणे जमीनमालकाला. सरकारनं ठेवून घेतलं तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा मिळतो. अर्जासाठी तलाठ्याला भेटा.

नाणं कसं दिसतं ते पाहायचं असेल तर नागपूरचा अजब बंगला आहेच.