गाडी संयोजकाची, शर्यत चालकाची

कार्टिंग या एकाच नावाखाली दोन वेगळे व्यवहार चालतात. पहिला करमणुकीचा आहे: शहरालगतच्या एखाद्या ट्रॅकवर दहा मिनिटांचे तिकीट काढायचे, चहूबाजूंनी जाड बंपर बसवलेली गाडी फिरवायची आणि शेवटी फेऱ्यांच्या वेळांचा छापील कागद घेऊन घरी जायचे. दुसरा व्यवहार शर्यतीचा असून त्यात चालकाला स्वतःची गाडी, स्वतःचे इंजिन, ते वाहून नेणारी व्हॅन किंवा ट्रेलर आणि बहुधा स्वतःचा मेकॅनिकही लागतो. या दोहोंमधले अंतर इतके मोठे आहे की भाड्याच्या गाडीवर सरस ठरलेले बहुतेक लोक तिथेच थांबतात, आणि त्यांच्या थांबण्याचे कारण कौशल्यापेक्षा खर्चात अधिक असते. ब्रिटनमध्ये १९९०च्या दशकापासून या मधल्या जागेत एक व्यवस्था रुजली, तिला 'अराइव्ह अँड ड्राइव्ह' म्हणतात. चालकाने आपले हेल्मेट व पोशाख घेऊन यावे, प्रवेशशुल्क भरावे, संयोजकाने सज्ज ठेवलेल्या एकसारख्या गाड्यांपैकी प्रत्येक शर्यतीला चिठ्ठीने वाट्याला येईल ती घ्यावी, दिवसभर शर्यती कराव्यात आणि संध्याकाळी गाडी परत देऊन निघून जावे, एवढाच तिचा करार.

या व्यवस्थेचे मोल कळण्यासाठी भाड्याच्या कार्टमध्ये आणि शर्यतीच्या कार्टमध्ये नेमका काय फरक आहे ते पाहणे आवश्यक आहे. भाड्याच्या गाडीत बहुधा होंडाचे जीएक्स मालिकेतले चार-स्ट्रोक इंजिन असते. शेतावरच्या पंपांना आणि लहान जनित्रांना लावले जाणारे हे औद्योगिक इंजिन असून त्याची ताकद साधारण साडेपाच ते नऊ अश्वशक्ती भरते, आणि दिवसाला शेकडो अननुभवी हात लागूनही ते तक्रार करत नाही. गाडीचे वजन मात्र दीडशे किलोच्या पुढे जाते, टायर वर्षभर टिकावेत म्हणून त्यांचे रबर कठीण ठेवलेले असते, आणि चाकांभोवती बंपरचे पूर्ण कडे असते. शर्यतीची कार्ट चालकाविना ऐंशी किलोच्या आसपास भरते. तिचे रबर मऊ, चाके उघडी आणि इंजिन दोन-स्ट्रोक, म्हणजे क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा ज्वलन घडवणारे असते. चार-स्ट्रोक इंजिनात हे ज्वलन दर दोन फेऱ्यांना एकदा होते, त्यामुळे त्याच आकारमानातून दोन-स्ट्रोक बरीच अधिक ताकद काढते. त्याची किंमत पेट्रोलमध्ये तेल मिसळून, हवेच्या घनतेप्रमाणे कार्बोरेटर जुळवून आणि ठरावीक तासांनी इंजिन उघडून नवे पिस्टन बसवून चुकवावी लागते. ऑस्ट्रियातील रोटॅक्स कंपनीचे १९९७ साली आलेले १२५ सीसीचे 'मॅक्स' इंजिन तर तिशीच्या घरात अश्वशक्ती देते.

वेगाचा फरक सर्वांना दिसतो. चालवण्याच्या पद्धतीतला फरक अधिक खोल आहे. कार्टला स्प्रिंगा नसतात आणि डिफरन्शियलही नसतो, म्हणजे मागची दोन्ही चाके एकाच अखंड आसावर बसवलेली असून ती नेहमी सारख्याच गतीने फिरतात. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा लांबचा मार्ग कापावा लागतो, म्हणून अशी गाडी वळवायची तर आतले मागचे चाक क्षणभर जमिनीवरून उचलले गेले पाहिजे, आणि हे काम स्टीअरिंगची भूमिती व पोलादी नळ्यांच्या चॅसिसची लवचीकता मिळून करतात. जड, कमी ताकदीच्या भाड्याच्या गाडीत ही क्रिया जेमतेम जाणवते, आणि तिथे चालक जे शिकतो ते मुख्यतः वेग न गमावण्याचे शास्त्र असते. एकदा मागची चाके घसरली की तो वेग भरून काढायला इंजिनात ताकद उरलेली नसते. मऊ टायरच्या दोन-स्ट्रोक गाडीत पकड इतकी असते की बरगड्यांना आसनाच्या कडा रुततात, म्हणून बरगडी-रक्षक जाकीट ही तिथे चैनीची वस्तू समजली जात नाही. ब्रेक बहुधा फक्त मागच्या आसाला असल्याने वळताना तो जोरात दाबणारा चालक गर्रकन फिरतो, आणि उघड्या चाकांमुळे धक्का देऊन पुढे जाण्याची भाड्याच्या ट्रॅकवरची सवय धोक्याची ठरते, कारण एकाचे चाक दुसऱ्याच्या चाकावर चढले तर गाडी हवेत उडू शकते. भाड्याच्या गाडीवरचा उत्तम चालक इथे सुरुवातीला चाचपडतो तो यामुळेच.

आता खर्चाकडे वळावे. ब्रिटनमध्ये नवी प्रौढ वर्गातली कार्ट इंजिनासह पाच हजार पौंडांच्या पुढेच जाते, आणि ही केवळ सुरुवात असते. टायरचा एक संच दीडशे पौंडांच्या वर, तोही गंभीर स्पर्धक एका शर्यतदिवसानंतर जुना मानतो. त्यावर इंजिनची नियमित दुरुस्ती, वाकलेले आस, तुटलेल्या साखळ्या, ट्रॅकप्रमाणे बदलण्याची दातेरी चक्रे आणि ठेवायला जागा. फॉर्म्युला वन जगज्जेता लुइस हॅमिल्टन याच्या वडिलांनी मुलाच्या कार्टिंगसाठी एकाच वेळी अनेक नोकऱ्या केल्या हे सर्वश्रुत आहे, आणि ती गोष्ट चिकाटीचा दाखला म्हणून नेहमी सांगितली जाते. ती या खेळाच्या अर्थव्यवस्थेवरचा अभिप्रायही आहे, याकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. वर या खर्चाचा मोठा भाग निकालावर थेट परिणाम करतो. नवे टायर, ताजे इंजिन आणि अनुभवी मेकॅनिक ज्याच्याकडे, तो रांगेत पुढे. तेव्हा चालक चांगला की गाडी चांगली, हा प्रश्न मालकीच्या कार्टिंगमध्ये कधीच पूर्ण सुटत नाही.

अराइव्ह अँड ड्राइव्ह पद्धतीने हा प्रश्न तंत्रज्ञानाने सोडवलेला नाही. तिने केवळ गाडीची मालकी स्पर्धकाकडून काढून घेतली. ब्रिटनमधल्या 'क्लब १००' या संस्थेची स्पर्धा याचे ठळक उदाहरण म्हणावे लागेल. चाळीसेक गाड्यांचा ताफा ट्रकमध्ये घालून संयोजकाने एका ट्रॅकवरून दुसऱ्या ट्रॅकवर न्यायचा, आणि चालकांनी स्वतःच्या मोटारीने किंवा रेल्वेने तिथे पोहोचायचे, अशी तिची रचना आहे. या दोन-स्ट्रोक गाड्यांना क्लच आणि बटणाचा स्टार्टर असतो, म्हणजे फिरून थांबलेल्या चालकाला कोणी गाडी ढकलण्याची वाट पाहावी लागत नाही. संस्था ज्या ट्रॅकांवर जाते ते करमणुकीचे नव्हेत: हर्टफर्डशरमधील राय हाउस, जिथे हॅमिल्टनने बालपणी सुरुवात केली, डॉर्सेटमधील क्ले पिजन, जिथे पुढे फॉर्म्युला वन जगज्जेता झालेला जेन्सन बटन लहानपणी धावला, केंटमधील बकमोर पार्क, ज्याचा कारभार मोटारसायकल आणि फॉर्म्युला वन अशा दोन्ही जगज्जेतेपदांचा एकमेव मानकरी जॉन सर्टीज याने काही वर्षे पाहिला. गाडी उसनी असली तरी वळणे खरी आहेत, हे चालकाच्या दृष्टीने कमी महत्त्वाचे नाही.

एकसारख्या गाड्या खरोखर एकसारख्या असतात का, हा या व्यवस्थेपुढचा सर्वांत अवघड प्रश्न आहे, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर 'नाही' असेच आहे. एकाच दिवशी बांधलेली दोन इंजिनेही काही तासांच्या वापरानंतर वेगळी वागू लागतात, चॅसिस आपटल्यावर तिची लवचीकता बदलते, आणि ताफ्यातली एखादी गाडी वळणावर नीट वळतच नाही. संयोजक इंजिने जुळवून घेतात, टायर एकाच वेळी बदलतात, हवेचा दाब सारखा ठेवतात, आणि तरी उरलेल्या फरकावर यंत्राने मात करण्याऐवजी स्पर्धेच्या स्वरूपाने मात करतात. एका दिवसात चालकाला अनेक छोट्या शर्यती, ज्यांना हीट म्हणतात, दिल्या जातात. प्रत्येक हीटला गाडी चिठ्ठीने बदलते आणि सुरुवातीची जागाही फिरती ठेवली जाते, म्हणजे एकदा पुढून, एकदा मधून, एकदा शेवटून. त्यांतून मिळालेल्या गुणांवर अंतिम शर्यतीची रांग लागते. वर्षाच्या अखेरीस सर्वांत वाईट काही निकाल वगळले जातात, ज्यामुळे खराब गाड्या वाट्याला आलेला दिवस खात्यातून पुसला जातो. दैव इथे नाहीसे होत नाही, पण ते इतक्या चिठ्ठ्यांमध्ये वाटले जाते की वर्षभरात कोणा एकाच्या बाजूने राहू शकत नाही.

वजनाचा प्रश्न मात्र चिठ्ठीने सुटत नाही. कार्ट आणि चालक मिळून जिथे एकूण १६० किलोच्या आसपास भरतात, तिथे दहा किलोचा फरक दर फेरीला सेकंदाचे काही दशांश खातो, आणि दशांशांच्या या खेळात ते अंतर दुस्तर असते. म्हणून कुस्तीप्रमाणे इथेही वजनगट असतात, आणि गटाच्या मर्यादेपेक्षा हलक्या चालकाच्या आसनाला शिशाची वजने बांधली जातात. शर्यत संपल्यावर चालक गाडीतली वजने घेऊन काट्यावर उभा राहतो, आणि ठरलेल्या आकड्यापेक्षा कमी भरला तर त्याचा निकाल रद्द होतो. भाड्याच्या ट्रॅकवर सडपातळ तरुणांपुढे नेहमी हरणारा पस्तिशीतला भारदस्त गृहस्थ आपल्या बरोबरीच्या लोकांशी प्रथमच लढतो तो इथे, आणि या स्पर्धांच्या जड गटांत वयस्क चालकांची गर्दी का असते याचे उत्तरही त्यात सापडते.

या पद्धतीची खरी व्याप्ती विद्यार्थ्यांमध्ये दिसते. ब्रिटिश विद्यापीठांची कार्टिंग स्पर्धा वर्षानुवर्षे क्लब १००च्या याच गाड्यांवर घेतली जाते, आणि तिथे लहानपणापासून स्वतःच्या गाडीवर वाढलेला राष्ट्रीय दर्जाचा चालक व गेल्याच महिन्यात विद्यापीठाच्या क्लबात नाव नोंदवलेला नवखा एकाच ताफ्यातल्या गाड्यांवर, पण वेगवेगळ्या स्तरांच्या संघांतून धावतात. डेटोना या कंपनीने मिल्टन कीन्ससारख्या आपल्या कायमस्वरूपी ट्रॅकांवर रोटॅक्स इंजिनांच्या 'डी-मॅक्स' स्पर्धेतून वेगळा मार्ग धरला. तिथे भाड्याच्या गाडीवरचा ग्राहकच शेजारच्या गॅरेजमधल्या दोन-स्ट्रोक गाडीकडे सरकतो. व्यापारी दृष्टीने हा मार्ग अधिक चतुर आहे. एन्ड्युरन्स, म्हणजे चालक पाळीपाळीने बदलत तासन्तास चालणाऱ्या शर्यती, हा तिसरा प्रवाह. त्यात एक प्रवेशशुल्क चार-पाच जणांत वाटले जात असल्याने दर मिनिटाचा खर्च सर्वांत कमी पडतो.

तरीही या व्यवस्थेकडून तिच्या आवाक्याबाहेरचे मागू नये. चालकाला गाडीत फेरबदल करण्याची मुभा नसते: आसाची कठीणता, पुढच्या चाकांमधले अंतर, टायरमधली हवा, कार्बोरेटरची जुळणी हे सर्व संयोजकाच्या हाती राहते. परिणामी गाडी जशी आहे तशी जुळवून घेण्याची विलक्षण हातोटी अशा चालकांत येते, पण ती अशी का वागते आणि तिला काय केले तर ती सुधारेल, हे मेकॅनिकला सांगण्याची भाषा त्यांना येत नाही. फॉर्म्युला गाड्यांकडे जाण्याचा मनोदय असलेल्या मुलाला ही उणीव पुढे नक्की जाणवते. शिवाय स्वस्त हा शब्द सापेक्ष आहे. एका दिवसाचे शुल्क फार तर एक-दोन टायर-संचांच्या किमतीइतके असले, तरी वर्षभराचे टप्पे, प्रवास, मुक्काम आणि अपघातात मोडलेल्या भागांची भरपाई धरली तर ती रक्कम मध्यमवर्गीय घराला सहज पेलणारी नसते. मालकीच्या शर्यतीशी तुलना केली तरच ती किफायतशीर ठरते. दहा मिनिटांच्या तिकिटाशी केली तर मुळीच नाही.

भारतातील चित्र यापेक्षा वेगळे आहे. राष्ट्रीय रोटॅक्स कार्टिंग स्पर्धेचे टप्पे कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग ट्रॅकवर झाले आहेत, म्हणजे महाराष्ट्रात शर्यतीला योग्य असा मार्ग आहे, आणि मुंबईच्या जेहान दारूवालासारखा चालक कार्टिंगमधूनच पुढे युरोपातील फॉर्म्युला टू शर्यतींपर्यंत पोहोचला आहे. इथे राष्ट्रीय पातळीवर उतरणारी मुले बहुधा एखाद्या रेसिंग संघाकडून हंगामापुरती गाडी घेतात, आणि गाडीबरोबर त्या संघाचा मेकॅनिक, सराव व टायर यांचे पैसे मोजतात. ही भाड्याची पद्धत असली तरी तिला अराइव्ह अँड ड्राइव्ह म्हणता येत नाही, कारण ज्या संघाकडे अधिक चांगली गाडी त्याच्याकडे अधिक पैसे देणारा चालक जातो, आणि समान ताफ्याचे तत्त्व तिथे लागू होत नाही. चॅसिस, इंजिन आणि टायर परदेशातून आणावे लागतात, तेव्हा चाळीस गाड्यांचा ताफा उभारणे ही इथे ब्रिटनपेक्षा महाग गुंतवणूक ठरते, आणि ती परवडण्यासाठी दर महिन्याला तेवढेच चालक शुल्क भरून येत राहावे लागतात. शनिवार-रविवारी भाड्याच्या ट्रॅकवर रांग लावणाऱ्यांपैकी तेवढे चालक जो संयोजक गोळा करू शकेल, त्यालाच हा व्यवहार इथे जमेल.