आजार रक्तातला की पाण्यातला?

सिडकोतल्या ओळखीच्या एका काकूंचा मागच्या आठवड्यात फोन आला. भाच्यासाठी मुलगी पाहिलीय, घर चांगलं आहे, मुलगी शिकलेली आहे. "पण तिच्या मावशीला तो एमएस आहे म्हणे. म्हणजे रक्तातच आलं की हो! नाही म्हणून कळवून टाकू का?"

बरीच वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवल्यामुळे असे फोन मला येतच असतात. आजाराचं नाव बदलतं, 'रक्तातच आहे' हे पालुपद बदलत नाही. गंमत म्हणजे जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड या भागात जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोमचे, रुग्ण वाढले, तेव्हा हीच मंडळी नेमकं उलटं विचारत होती: पाण्यातून येतो ना, मग आमच्या ड्रममधल्या पाण्याचं काय? (चार-आठ दिवसांनी नळ येणाऱ्या आपल्या शहरात ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही.) आजार ठेवायला आपल्याकडे दोनच खण. एक रक्ताचा, एक पाण्याचा.

आधी काकूंचा एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. यात शरीराची संरक्षक यंत्रणाच मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण कुरतडते. आता एकाच बीजापासून झालेली जुळी घ्या. दोघांची जनुकं सारखीच. एकाला एमएस झाला तर दुसऱ्यालाही होण्याचं प्रमाण पाश्चात्त्य पाहण्यांमध्ये चारात एकाच्या आसपास भरतं. आजार निव्वळ रक्तातला असता तर ते चारात चार भरलं असतं. सख्ख्या भावंडांत तर शंभरात दोन-तीन. मावशीची भाची त्याहूनही लांबची. काकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग तुमच्या मते खानदानाचा काही संबंधच नाही?"

आहे. त्याचा पुरावा बघायला मुंबईपर्यंत जावं लागतं, एवढंच. तिथल्या पारशी समाजाची पाहणी डॉ. नादिर भरुचा आणि सहकाऱ्यांनी 1988 साली प्रसिद्ध केली. एमएसचं प्रमाण निघालं लाखात सुमारे 26. पुढे 2014 मध्ये, म्हणजे एमआरआय सर्रास होऊन निदान सोपं झाल्यावरही, मंगळुरू शहरातल्या सर्वसामान्य लोकांच्या पाहणीत ते लाखात 8 च्या जवळपासच आलं. मुंबईचा पारशी आणि त्याचा शेजारी एकाच तलावाचं पाणी पितात, एकाच उन्हात घामाघूम होतात. तरी हजारभर वर्षांपूर्वी इराणातून आलेला आणि बहुतांशी आपापसातच लग्नं करत राहिलेला हा समाज या आजाराच्या बाबतीत वेगळा दिसतो. इथे जनुकं बोलतात.

पण लगेच दुसरं टोक पाहा. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या भारतीय उपखंडातल्या लोकांत एमएस कमीच आढळायचा. त्यांची तिथेच जन्मलेली मुलं मोठी झाली आणि 1990 साली मार्टा एलियन, जेफ्री डीन आदींनी मोजदाद केली, तर मुलांमधलं प्रमाण आईबापांपेक्षा कितीतरी जास्त, इतर ब्रिटिशांच्या जवळ जाणारं. एका पिढीत जनुकं बदलत नाहीत. हवा, ऊन, लहानपणी होणारे संसर्ग बदलतात.

दोन्ही एकत्र आले की काय होतं, हे 2011 साली स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं. आपलं-परकं ओळखणाऱ्या एचएलए जनुकांची एक ठरावीक जोखमीची जोडी आणि धूम्रपान, असे दोन घटक त्यांनी घेतले. दोन्ही नसलेल्यांच्या तुलनेत नुसतं धूम्रपान असेल तर धोका सुमारे 1.4 पट, नुसती ती जनुकं असतील तर जवळपास पाचपट. दोन्ही असतील तर? गुणाकार केला तरी सातच होतात. प्रत्यक्षात आकडा निघाला साडेतेरा. फुप्फुसातला धूर आणि आईबापांकडून आलेली जनुकं एकमेकांना असा हात देतात. यात रक्ताचा वाटा किती आणि धुराचा किती, ते वेगळं काढून दाखवा बघू!

एपस्टीन-बार विषाणूचंही तसंच. अमेरिकी लष्करातल्या एक कोटीहून अधिक जणांच्या नोंदींवरचा अभ्यास 2022 साली आला. या विषाणूचा संसर्ग झाल्यावर एमएसचा धोका 32 पट वाढलेला दिसला. पण हा विषाणू जगातल्या बहुतेक प्रौढांच्या शरीरात मुक्कामाला असतो आणि त्यातल्या फारच थोड्यांना एमएस होतो.

आता पाण्याचा खण, म्हणजे जीबीएस. पुण्यातल्या काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. त्याच्या काही जातींच्या अंगावरची साखरसाखळी आपल्या नसांवरच्या साखळीसारखी दिसते. जिवाणूवर सोडलेली प्रतिपिंडं मग नसांवरही जाऊन बसतात. तरीही या जिवाणूने जुलाब झालेल्या साधारण हजारात एकालाच जीबीएस होतो. त्या एकालाच का, याचं उत्तर माणसाच्या जनुकांत शोधून झालं, एमएससारखा ठळक धागा मिळाला नाही. ठळक धागा मिळाला तो जिवाणूच्या जनुकांत: ती फसवी साखळी बनवणारी जनुकं त्याच्याकडे हवीत. पाणी उकळून प्यावं हे खरंच. पण तेच पाणी पिऊन आजारी पडलेले बाकीचे नऊशे नव्व्याण्णव काही दिवस हैराण होऊन कामाला लागतात.

बाकीचे गैरसमज भराभर. जीबीएसच्या रुग्णाशेजारी बसल्याने जीबीएस लागत नाही. 'आपल्याकडे एवढं ऊन, एमएस कुठून होणार?' होतो, आणि ऊन असूनही आपल्या शहरांत ड जीवनसत्त्वाची कमतरता भरपूर आहे. स्टिरॉइड एमएसचा झटका आवरायला देतात, जीबीएसमध्ये त्याचा उपयोग होत नाही; शेजाऱ्याची चिठ्ठी आपल्याला चालत नाही. दोन्ही पायांतून सुरू झालेली कमजोरी वर चढायला लागली तर मालिशवाल्याला बोलावू नका, घाटी रुग्णालय गाठा. आणि 'इम्युनिटी वाढवणारी' पावडर! अहो, इथे पहारेकरीच घरच्यांना बडवतोय, त्याच्या हातात आणखी जाड काठी कशाला देता?

काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मी विचारलं, भाचा सिगारेट ओढतो का?

"ओढतो की. पण घरात नाही हं, गच्चीवर जातो."

मुलीकडच्यांनी ते विचारलं का?

"छे, असलं कोण विचारतं?"