पाटी आणि पदवी

धाराशिव जिल्ह्याच्या आठवडी बाजारात उस्मानाबादी शेळी घेणारा शेतकरी तिचे दात पाहिल्याखेरीज सौदा करीत नाही. तोच गृहस्थ मुलीच्या चेहऱ्यावरील डाग लग्नाआधी घालविण्यासाठी तिला लातूरला वा सोलापूरला नेतो, तेव्हा मात्र दवाखान्याची झगझगीत पाटी पाहूनच समाधान मानतो. हा केवळ भोळेपणा नव्हे. शेळीची पारख त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. वैद्यकीय ज्ञानाची पारख करण्याचे साधन त्याच्यापाशी नाही. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ साली नेमके हेच दाखवून दिले होते. उपचाराची परीक्षा आधी करून पाहता येत नाही, म्हणून रोग्याला डॉक्टरवर विश्वास टाकावा लागतो. आणि त्या विश्वासाला आधार म्हणून समाज पदव्या व परवाने यांची व्यवस्था उभारतो.

ही व्यवस्था आपल्याकडेही आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर दाखविला पाहिजे. विशेष पात्रता नसता त्या शाखेचा तज्ज्ञ म्हणवून घेणे गैरवर्तन ठरते. केवळ कार्यशाळांत किंवा यूट्यूबवर पाहून केशरोपणाची विद्या येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये बजावले. होमिओपॅथीची पात्रता असताना ॲलोपॅथीची औषधे दिल्याच्या मुंबईतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली तीन लाख रुपयांची भरपाई देवविली. परंतु रोगी त्यापूर्वीच दगावला होता.

कायदा बहुधा असा मागाहून येतो. भाजलेली त्वचा भरपाईने पूर्ववत होत नाही. तेव्हा चौकशी आधीच व्हावयास हवी. नोंदणी क्रमांक विचारून तो महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीशी ताडून पाहावा. एम.बी.बी.एस.नंतर त्वचारोगाची मान्य पदवी वा पदविका, आणि शस्त्रक्रिया असेल तर प्लास्टिक सर्जरीचे शिक्षण झाले आहे काय, हे विचारावे. पाटीवर नाव एकाचे आणि लेसर दुसऱ्याच्या हाती, असे तर नाही ना, हेही पाहावे.

डॉक्टरला पदवी विचारणे आपल्याकडे उद्धटपणाचे मानले जाते. वस्तुतः ज्याने वर्षानुवर्षे खपून ती मिळविली, त्याला या प्रश्नाचा राग येण्याचे कारण नाही. मात्र सारा भार एकट्या बापावर टाकून शासनास मोकळे होता येणार नाही. नोंदवही जशी मुंबईत आहे, तशी ती उमरगा-परंड्याच्या माणसालाही सहज वाचता आली, तरच ती खऱ्या अर्थाने सार्वजनिक म्हणता येईल.