अन्नाचे रसायन : भाग ८ – उपवासाचे तास

गेल्या भागापर्यंत आपण अन्न पोटात गेल्यावर त्याचे काय होते ते पाहत आलो. या आठवड्यात उलट बाजूने विचार करू. अन्न आलेच नाही, तर शरीर काय करते? निसर्गोपचार शिकणाऱ्याला हा प्रश्न परीक्षेपुरता नाही. १९४६ साली गांधीजींनी उरुळी कांचनला रुग्ण तपासायला सुरुवात केली. त्याच्याही आधीपासून माती, पाणी, मालिश यांच्या जोडीला उपवास हे निसर्गोपचाराचे मुख्य औषध राहिले आहे. औषध म्हटले की मात्रा आली, अवधी आला आणि ते कोणाला द्यायचे नाही हेही आले. या तिन्ही गोष्टी कळायच्या तर उपवासाचे तास मोजता आले पाहिजेत.

प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. दर १०० मिलिलिटरला ९० मिलिग्रॅम साखर धरली तर सगळ्या रक्तात मिळून ती साडेचार ग्रॅम भरते. चहाचा एक चमचा, एवढीच. मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते, म्हणजे तासाला पाच ग्रॅम. त्यात तांबड्या पेशींची गरज वेगळी. त्यांच्यात मायटोकाँड्रिया नसतात, त्यामुळे ग्लुकोजशिवाय दुसरे कोणतेच इंधन त्यांना वापरता येत नाही. तरीही रात्री आठला जेवून सकाळी आठला रक्त द्यायला आलेल्या निरोगी माणसाची साखर ऐंशी-नव्वदच निघते. रात्रभर ती कोण पुरवत होते?

उत्तर शोधले क्लोद बेर्नार या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने. प्राण्याला साखर खाऊ घातली नसली तरी त्याच्या यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात साखर सापडते, हे त्याने दाखवून दिले आणि १८५७ मध्ये यकृतातला तो साठा, ग्लायकोजेन, वेगळा काढला. शरीर साखर फक्त जाळत नाही, स्वतः तयारही करते, ही गोष्ट त्या काळात धक्कादायक होती. प्रौढ यकृतात जेवणानंतर साधारण १०० ग्रॅम ग्लायकोजेन असते. स्नायूंत त्याच्या तिपटी-चौपटीने असते, पण ते रक्ताच्या उपयोगी पडत नाही. ग्लुकोजला चिकटलेला फॉस्फेट काढून त्याला पेशीबाहेर सोडणारे विकर यकृतात आहे, स्नायूत नाही. स्नायूचा साठा स्नायूपुरताच. म्हणून उपवासाचा पहिला दिवस यकृताच्या त्या शंभर ग्रॅमवर निघतो. इन्सुलिन उतरते, ग्लुकागॉन चढते, ग्लायकोजेनच्या फांद्या एकेक करून सुटत जातात. एक ते दीड दिवसात साठा जवळपास संपतो.

ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी साठवलेले असते. ग्लायकोजेन गेले की ते पाणीही जाते. इन्सुलिन उतरल्यामुळे मूत्रपिंडे मीठही जास्त सोडतात आणि त्याच्यामागे आणखी पाणी. पहिल्या दोन-तीन दिवसांत वजनकाट्यावर दीड-दोन किलो उतरलेले पाहून रुग्ण हरखतो. त्याला तेव्हाच, प्रेमाने पण स्पष्ट सांगावे, की ही चरबी नव्हे. न सांगितल्यास जेवण सुरू झाल्यावर तेच पाणी परत येते आणि त्याचा आपल्यावरचा विश्वास उडतो.

आपल्याकडच्या एकादशीचा हिशोब इथेच करून टाकू. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रथिने एक टक्क्याहूनही कमी. साबुदाण्याची खिचडी, रताळे, बटाटा खाल्ला की आतड्यातून ग्लुकोज येतच राहते, इन्सुलिन चढते आणि यकृताचा साठा उघडतच नाही. दाण्याच्या कुटाने आणि तुपाने पचनाचा वेग थोडा मंदावतो, इतकेच. श्रद्धेचा भाग प्रत्येकाचा आहे आणि तो आदरानेच घ्यावा. पण जैवरसायनाच्या दृष्टीने तो उपवास नव्हे, फराळ आहे. रुग्ण ‘मी दर एकादशीला उपवास करतो’ म्हणाला, की त्याला उपवास सोसतो असे गृहीत धरू नका. काय खातो, ते विचारा.

आता या भागातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. यकृतातला साठा संपल्यावर मेंदूचे ग्लुकोज कुठून येणार? बहुतेक विद्यार्थी पटकन म्हणतात, चरबीतून. चरबी मुबलक असते हे खरे. मध्यम बांध्याच्या माणसातली बारा किलो चरबी दर ग्रॅमला नऊ किलोकॅलरीप्रमाणे एक लाख आठ हजार किलोकॅलरी होते. दिवसाला अठराशे धरल्या तर दोन महिने पुरतील. पण माणसाच्या शरीरात मेदाम्लांपासून ग्लुकोज बनवण्याचा रस्ता जवळजवळ नाहीच. मेदाम्लाचे तुकडे होऊन असेटिल को-ए तयार होते. पायरुवेटपासून असेटिल को-ए होते, मात्र उलट जाता येत नाही. ती पायरी एकदिशा आहे. चरबीच्या रेणूतला फक्त ग्लिसरॉलचा लहानसा भाग ग्लुकोज होऊ शकतो. स्नायू, हृदय, खुद्द यकृत ही मंडळी मेदाम्ले जाळून आपली सोय करतात. मेंदूला मात्र मेदाम्ले इंधन म्हणून वापरता येत नाहीत.

मग यकृत ग्लुकोज बनवते तीन गोष्टींपासून. तांबड्या पेशींनी आणि स्नायूंनी सोडलेले लॅक्टेट, चरबीतले ग्लिसरॉल आणि अमिनो आम्ले. लॅक्टेटचा फेरा कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याच्या नावाने ओळखला जातो. १९४७ च्या नोबेल पारितोषिकात या दोघांचा वाटा होता. पण त्या फेऱ्यात नवे ग्लुकोज मिळत नाही, जुनेच फिरत राहते. खरी भर पडते ती अमिनो आम्लांतून आणि ती येतात मुख्यतः स्नायूंच्या प्रथिनांतून. प्रथिनातला नत्र युरियाच्या रूपाने लघवीतून जातो, म्हणून लघवीतला नत्र मोजला की किती प्रथिन खर्ची पडले ते कळते. उपवासाच्या पहिल्या काही दिवसांत हा नत्र दिवसाला बारा ग्रॅमपर्यंत असू शकतो. एक ग्रॅम नत्र म्हणजे सव्वासहा ग्रॅम प्रथिन, तेव्हा बारा ग्रॅम नत्र म्हणजे ७५ ग्रॅम प्रथिन. स्नायूत प्रथिन साधारण एक-पंचमांश. म्हणजे रोज पाऊण पाव नव्हे, चांगले पावणेचारशे ग्रॅम मांस. हा वेग कायम राहिला असता तर माणूस तीन आठवड्यांतच कोलमडला असता.

पण तो कोलमडत नाही. १९१२ साली बोस्टनमध्ये फ्रान्सिस बेनेडिक्ट यांच्या प्रयोगशाळेत लेवान्झिन नावाच्या माल्टाच्या गृहस्थांनी केवळ पाण्यावर ३१ दिवस काढले. बेनेडिक्ट यांनी त्यांचा श्वास, लघवी, वजन, नाडी असे सगळे रोज मोजले. आपल्याकडे गांधीजींनी १९४३ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, सत्तरी ओलांडलेली असताना, १० फेब्रुवारी ते ३ मार्च असे २१ दिवस उपोषण केले. तेही निभावले. मेंदूचे इंधन कोणते, हे कोडे १९६७ पर्यंत सुटले नव्हते. बोस्टनमध्ये ऑलिव्हर ओवेन, जॉर्ज केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वैद्यकीय देखरेखीखाली पाच-सहा आठवडे उपवास करणाऱ्या तीन स्थूल व्यक्तींच्या मेंदूत जाणाऱ्या आणि मेंदूतून परतणाऱ्या रक्ताची तुलना केली. मेंदूने ग्लुकोजची भूक कमी करून घेतली होती आणि त्याचे मुख्य इंधन कीटोन झाले होते.

कीटोन म्हणजे यकृताने असेटिल को-एपासून बनवलेले लहान रेणू: असेटोअसेटेट आणि बीटा हायड्रॉक्सिब्युटिरेट. ते पाण्यात विरघळतात आणि मेंदूत सहज शिरतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून रक्तात ते वाढू लागतात. पुढच्या एक-दोन आठवड्यांत मेंदू त्यांना सरावतो आणि त्याच्या गरजेचा अर्ध्याहून जास्त भाग ते भागवतात. ग्लुकोज कमी लागले की प्रथिने मोडण्याची गरज घटते. कित्येक आठवड्यांच्या उपवासानंतर लघवीतला नत्र दिवसाला तीन-चार ग्रॅमवर येतो. शरीराने स्नायू वाचवले. मला तर साऱ्या चयापचयात याहून सुंदर जुळणी दिसत नाही. पण एक गोष्ट नजरेआड करू नका: सर्वाधिक स्नायू जातात ते पहिल्या आठवड्यातच. ज्या वृद्ध रुग्णाचे हात-पाय आधीच वाळलेले आहेत, त्याच्या बाबतीत तीन दिवसांचा पाण्याचा उपवास ही किरकोळ गोष्ट नाही.

असेटोअसेटेटचा थोडा भाग आपोआप मोडून ॲसिटोन होते आणि ते श्वासावाटे जाते. पिकलेल्या फळासारखा, थोडा उग्र असा तोंडाचा वास येतो तो त्याचा. गांधीजींच्या जानेवारी १९४८ मधल्या दिल्लीच्या उपोषणातही लघवीत ॲसिटोन सापडले होते आणि डॉक्टरांना त्याची चिंता वाटत होती. आपल्या क्षेत्रात मात्र या वासाला ‘विषद्रव्ये बाहेर पडत आहेत’ म्हणण्याची सवय आहे. ती आपण सोडली पाहिजे. ॲसिटोन शरीरात साठून बसलेले विष नव्हते, ते आज चरबी जळताना तयार झाले. लघवी गडद होते, ती पाणी कमी पडल्याने. दुसऱ्या दिवशीचे डोके दुखणे पुष्कळदा चहा-कॉफी अचानक तुटल्याचे असते. उपवासात युरिक आम्ल वाढते, कारण मूत्रपिंडातून बाहेर पडण्यासाठी कीटोन त्याच्याशी स्पर्धा करतात. संधिवाताच्या ज्या रुग्णाला युरिक आम्लाचा त्रास आहे, त्याचा अंगठा यामुळेच सुजू शकतो. अशा वेळी ‘रोग बाहेर पडतोय, सोसा’ असे सांगणे हा त्या माणसावर अन्याय आहे.

उपवासाच्या बाजूने आणखी एक दाखला दिला जातो. पेशी आपलेच जुने भाग मोडून पुन्हा वापरतात, या प्रक्रियेवरच्या कामासाठी योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले. ते मूळ काम यीस्टवरचे होते. त्याच्या आधारे इतक्या तासांच्या उपवासाने अमका रोग जातो, असे रुग्णाला सांगता येत नाही.

आता रसाहाराकडे वळू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जेम्स गँबल यांनी जीवरक्षक तराफ्यावर अडकलेल्या खलाशांना शिधा काय द्यावा याचा अभ्यास केला. दिवसाला फक्त १०० ग्रॅम ग्लुकोज दिले तर प्रथिनांचा ऱ्हास जवळपास निम्मा होतो आणि पाण्याचीही बचत होते, असे त्यांना दिसले. मोसंबीच्या एका पेल्यात १५ ते २० ग्रॅम साखर असते, म्हणजे दिवसभरात पाच-सहा पेले घेणारा रुग्ण या मात्रेच्या आसपास पोचतो. त्याचे स्नायू जास्त वाचतात, पण कीटोन फारसे वाढत नाहीत. लिंबू-मधाच्या पाण्यात एक चमचा मधातून पाच-सहा ग्रॅम साखर जाते. दोन-तीन पेल्यांनी चित्र विशेष बदलत नाही. तेव्हा पाण्याचा उपवास, लिंबू-मधाचे पाणी आणि रसाहार या तीन वेगळ्या मात्रा आहेत. केसपेपरवर नुसते ‘उपवास’ लिहू नका, काय आणि किती दिले ते लिहा.

सर्वांत धोक्याची वेळ उपवास सोडतानाची. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी उपाशी कैद्यांना भरपूर जेवण दिल्यावर त्यातले काही दगावले, तेव्हा हे लक्षात आले. कित्येक दिवसांनी कर्बोदके पोटात जाताच इन्सुलिन उसळते आणि ग्लुकोजबरोबर फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढले जातात. शरीरातले त्यांचे साठे आधीच खालावलेले असतात, पण रक्तातली पातळी तोवर बरी दिसते आणि मग काही तासांत कोसळते. फॉस्फेटशिवाय एटीपी नाही, आणि एटीपीशिवाय हृदय व श्वासाचे स्नायू चालणार नाहीत. थायमिन हे जीवनसत्त्व ग्लुकोज जाळण्यासाठी लागते, तेही तेव्हाच अपुरे पडते. म्हणून पाच दिवसांहून जास्त काळ जवळजवळ काहीच न खाल्लेल्याला पहिल्या दिवशी पोटभर गोड रस देऊ नये. थोडी पेज, थोडे ताक, मऊ भात-मूग असे थोड्या थोड्या वेळाने, आणि रक्तातल्या क्षारांवर डॉक्टरांची नजर.

टाइप एक मधुमेहाचा रुग्ण, गर्भवती, स्तनपान करणारी आई, वाढत्या वयातले मूल, खूप कृश माणूस आणि खाण्याशी ज्याचे मानसिक भांडण आहे असा तरुण किंवा तरुणी, यांना उपवास देऊ नका. उपवासातले कीटोन काबूत राहतात ते थोडेफार इन्सुलिन शिल्लक असते म्हणून. टाइप एकमध्ये ते नसते आणि रक्त आम्ल होऊन जीव जाऊ शकतो. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, जेवण असो वा नसो, त्यामुळे उपाशीपोटी साखर धोकादायक खाली जाते. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्याची साखर फारशी न वाढताही कीटोनचे विषबाधेइतके प्रमाण होऊ शकते, म्हणून ग्लुकोमीटर पाहून निर्धास्त होऊ नका. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांची मात्राही उपवासात जास्त ठरते. या सगळ्या औषधांत बदल करायचा तो ज्या डॉक्टरांनी ती लिहून दिली त्यांच्याशी बोलूनच. तेव्हा उद्यापासून कोणत्याही रुग्णाच्या केसपेपरवर उपवासाचा शब्द लिहिण्याआधी त्याला घरून गोळ्यांची पिशवी आणायला सांगा आणि त्यातले प्रत्येक पाकीट स्वतः वाचा.