अंक दिसला म्हणून संख्या होत नाही

न्हावा शेवा येथे १९८९ साली जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, आणि त्याच्या आश्रयाने उरण-पनवेलच्या परिसरात जी दफ्तरे उभी राहिली, त्यांतील शिपिंग बिले, कंटेनरांच्या याद्या आणि सीमाशुल्काचे तपशील आता खतावणीऐवजी डेटाबेसमध्ये राहतात. परंतु असा डेटाबेस नव्याने मांडण्याचा प्रसंग आला की जो तो एकच सिद्धान्त सांगतो, तो असा की, ज्या रकान्यात केवळ अंक यावयाचे तो रकाना अंकी प्रकाराचाच असला पाहिजे. हा सिद्धान्त मी इतक्या वेळा खोडून काढला आहे, आणि तितक्याच वेळा तो पुन्हा समोर ठाकला आहे, की त्याचा एकदा सविस्तर समाचार घेणे मला अगत्याचे वाटते.

वस्तुस्थिती अशी की, अंक हे लिहिण्याचे चिन्ह आहे आणि संख्या हे मोजमाप आहे. नाशिकच्या ताज्या द्राक्षांचे उदाहरण घ्या. जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या वर्गीकरणावर आधारलेल्या आपल्या आठ अंकी कोष्टकात त्यांचा संकेतांक ०८०६१००० असा आहे, आणि त्यातील पहिले दोन अंक प्रकरण दर्शवितात : ०८ म्हणजे फळे. अंकी रकाना आरंभीचे शून्य ठेवीत नाही, कारण गणिताच्या दृष्टीने त्याला मूल्यच नाही. उरते ते ८०६१०००. आता वर्षअखेरीस पहिल्या दोन अंकांवरून मालाचा प्रकरणनिहाय गोषवारा काढा, म्हणजे द्राक्षे ८० व्या प्रकरणात, अर्थात कथिलात, जाऊन बसलेली आढळतील. आणि ०७०३ या शीर्षकाखालचा कांदा ७० व्या प्रकरणात, म्हणजे काचेच्या सामानात.

यावर उत्तर मिळते ते 'छापताना शून्य लावून घेऊ' असे. घेता येईल, परंतु मग प्रत्येक अहवालाने, प्रत्येक छापील नमुन्याने आणि उद्या येणाऱ्या प्रत्येक नव्या प्रोग्रामरने ते स्मरणपूर्वक लावले पाहिजे, आणि जे मुळात जपता आले असते ते जन्मभर दुरुस्त करीत बसले पाहिजे. हा कसला व्यवहार?

दुसरे समर्थन जागेच्या बचतीचे. न्हावा शेव्याचा पिन कोड ४००७०७ पूर्णांक म्हणून चार बाइट घेतो, अक्षरे म्हणून सहा. दहा लाख नोंदींमागे बचत होते ती सुमारे दोन मेगाबाइटची, म्हणजे मोबाइलवरच्या एखाद्या छायाचित्राएवढी. एवढ्यासाठी अर्थाचा बळी देऊ नये.

ज्यांना अद्यापि शंका असेल त्यांनी २०१७ साल आठवावे. आयात-निर्यातदाराचा आयईसी क्रमांक तोवर दहा अंकांचा होता. वस्तू व सेवा कर लागू होण्याच्या सुमारास विदेश व्यापार महासंचालनालयाने सूचना काढली की, यापुढे पॅन हाच आयईसी समजला जाईल. पॅनही दहाच वर्णांचा, पण त्यात पाच अक्षरे, चार अंक आणि पुन्हा एक अक्षर. ज्यांचा रकाना दहा वर्णांचा अक्षरी होता, त्यांच्या रकान्याला हात लावावा लागला नाही; ज्यांचा अंकी होता, त्याला पॅनचे पहिले अक्षरसुद्धा घेता येणे शक्य नव्हते. संकेतांक ठरविणारी सत्ता आपल्या हाती नसते, तेव्हा त्याचे स्वरूप कायम अंकीच राहील हे आपण गृहीत धरू नये.

इतर गैरसमज थोडक्यात.

'मग सारेच अक्षरी ठेवावे.' मुळीच नाही : अक्षरक्रमाने २४००० किलो हे ९५०० किलोंच्या आधी लागतात, आणि १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले वजन जहाजावर चढविण्यापूर्वी कळविणे बंधनकारक असल्याने वजनाचा रकाना अंकीच हवा.

'मोबाइल क्रमांक साध्या पूर्णांकात मावतो.' चार बाइटांच्या पूर्णांकाची मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे, आणि आपले दहा अंकी क्रमांक ६ ते ९ यांनी सुरू होतात.

'रुपयांसाठी फ्लोट चालतो.' द्विमान पद्धतीत ०.१ तंतोतंत मांडता येत नाही. हिशेबाला डेसिमलच घ्यावा.

'एक्सेलमधून आलेला आकडा विश्वसनीय.' मायक्रोसॉफ्टच्याच माहितीनुसार एक्सेल संख्येचे पंधरा अंक जपते. सोळावा शून्य होतो.

कसोटी एकच आहे : या रकान्याची बेरीज, वजाबाकी वा सरासरी यांना काही अर्थ आहे काय? असेल तर तो अंकी, नसेल तर अक्षरी. कंटेनरच्या दारावर आयएसओ ६३४६ या मानकाप्रमाणे चार अक्षरे, सहा अंक आणि एक पडताळा अंक रंगविलेला असतो, आणि तो पडताळा अंक प्रत्येक चिन्हाच्या मूल्यावरून आणि स्थानावरून काढलेला असतो. त्या सहा अंकांत ००४५१२ असे लिहिले असेल, तर फाटकावर उभा असलेला कारकून ती दोन शून्ये डोळ्यांनी वाचतो. त्याच्या हातातील यादीतही ती असली पाहिजेत, कारण लोखंडावर जे लिहिले आहे तेच दफ्तरात उतरविणे हे नोंदीचे पहिले कर्तव्य होय.