बेरजेपलीकडचा आकडा

वार्षिक आरोग्य तपासणीचा अहवाल हाती आला, की बहुतेकांची नजर प्रथम 'एकूण कोलेस्टेरॉल' या ओळीवर स्थिरावते. आकडा दोनशेच्या आत असला की सुटकेचा निःश्वास टाकला जातो आणि कागद कपाटात जातो. तथापि, 'लिपिड प्रोफाइल' या रक्तचाचणीचे खरे म्हणणे बेरजेत नसून बेरजेच्या घटकांत असते. ताळेबंदाची केवळ एकूण रक्कम पाहून कोणी कर्ज मंजूर करीत नाही. तोच न्याय येथेही लागू पडतो.

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा स्निग्ध पदार्थ. पेशींची आवरणे, काही संप्रेरके व पित्तरस यांच्या निर्मितीसाठी शरीराला त्याची गरज असते. तो रक्तात विरघळत नाही. म्हणून प्रथिनांचे वेष्टन असलेल्या सूक्ष्म कणांतून त्याची वाहतूक होते. यांपैकी एलडीएल कण वाढले, की ते धमनीच्या भिंतीत शिरून साचू लागतात. वर्षानुवर्षे वाढलेला हा थर एखाद्या क्षणी फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि हृदयाचा रक्तपुरवठा खंडित होतो. एचडीएल कण कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेतात. ट्रायग्लिसराइड हा मेदाचा साठवणीचा प्रकार. त्याची वाहतूक करणारे व्हीएलडीएल कणही धमनीला अपायकारक ठरतात.

दोन अहवाल

समजा, एकाच शाखेतील दोन सहकाऱ्यांचे अहवाल आले. पहिल्याचे एकूण कोलेस्टेरॉल १९०, एचडीएल ३० आणि ट्रायग्लिसराइड २००. दुसऱ्याचे हेच आकडे अनुक्रमे २१०, ७० आणि १००. (सर्व आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर.) पहिला निर्धास्त होतो, दुसरा चिंतेत पडतो.

आता थोडी वजाबाकी करू. १९७२ मध्ये फ्रीडवाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेले सूत्र अनेक प्रयोगशाळा आजही वापरतात : एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा केला, की एलडीएल मिळते. या हिशेबाने दोघांचेही एलडीएल १२० येते. परंतु एकूण आकड्यातून केवळ एचडीएल वजा केले, तर पहिल्याच्या खाती १६० उरतात, दुसऱ्याच्या १४०. यालाच 'नॉन-एचडीएल' म्हणतात. सर्व अपायकारक कणांतील कोलेस्टेरॉल त्यात मोजले जाते. म्हणजे जो निर्धास्त झाला, त्याच्याच रक्तात हा बोजा अधिक आहे. कमी एचडीएल आणि वाढलेले ट्रायग्लिसराइड ही जोडी भारतीयांत वारंवार आढळते, म्हणून ही वजाबाकी आपल्याकडे विशेष महत्त्वाची. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असल्यास मात्र एलडीएलचे हे सूत्र विश्वसनीय राहत नाही.

मर्यादा प्रत्येकाची निराळी

'कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया'ने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, कमी धोका असलेल्यांनी एलडीएल १०० च्या व नॉन-एचडीएल १३० च्या आत ठेवावे. या निकषावर वरील दोघांनीही डॉक्टरांचा सल्ला घेणे उचित ठरेल. अधिक धोका असलेल्यांसाठी एलडीएलची मर्यादा ७०, तर अतिशय धोका असलेल्यांसाठी ५५ आहे. धोका ठरविताना वय, रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचे सेवन आणि कुटुंबातील हृदयविकाराचा इतिहास हे सारे विचारात घेतले जाते. त्यामुळे एकाला समाधानकारक असलेला आकडा दुसऱ्याला धोक्याची सूचना ठरू शकतो. लायपोप्रोटीन(ए) ही चाचणीही आयुष्यात किमान एकदा करून घ्यावी, असे ही तत्त्वे सांगतात. कारण तिचे प्रमाण मुख्यत्वे आनुवंशिक असते आणि नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ते दिसत नाही.

औषध सुरू असताना आकडा खाली आला, तर तो औषधाचा गुण समजावा. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये. प्रत्येक वर्षाचा अहवाल तारखेनुसार एकाच फाइलमध्ये ठेवावा आणि डॉक्टरांकडे जाताना ती संपूर्ण फाइल सोबत न्यावी. खात्याची खरी स्थिती एका दिवसाच्या शिलकेवरून नव्हे, तर वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून कळते. हृदयाच्या खात्याचेही तसेच आहे.